पिचलेली बांगडी कुणाची?

समोर बांगड्यांचंच आरसे लावलेलं झगझगीत दुकान उघडलं, तशी करमाळ्याच्या सुभद्राबाई कासारणीची गिऱ्हाईकं पांगू लागली. नेमके तेव्हाच विक्रीचे वर्ग घेणारे रणदिवे साहेब दारात आले. लग्नसराईच्या मालासाठी जपून ठेवलेले पैसे यांच्या फीला द्यावेत की काय, अशा पेचात बाई पडल्या.

"आमचा विद्यार्थी टकल्यालासुद्धा कंगवा विकतो, मावशी! फी मात्र आधी."

"आणि शिकूनही गिऱ्हाईक वाढलं नाही तर?"

"मग दोष शिकणाऱ्याचा. पैसे परत नाहीत."

बाई तेव्हा एका नवरीला चुडा भरत होत्या. हातावर चढवताना एक बांगडी पिचली. बाईंनी ती बाजूला ठेवून दुसरी घेतली.

"अहो, तिचे पैसे लावा!" साहेबांनी लगेच धडा दिला. "हिचा हातच जाड, त्याला तुम्ही काय करणार?"

नवरीचा चेहरा उतरला. बाईंनी तिचा हात हळूच थोपटला.

"साहेब, भरताना पिचलेली बांगडी कासाराची. हाताला दोष द्यायचा नाही, ही आमच्या धंद्याची रीत. तुमची विद्याही तशीच माझ्या दुकानाला भरून बघा. नीट बसली तर सगळी फी देते. पिचली, तर तुकडे तुमचे."

"असल्या रीतीनं दुकान चालतं होय?" साहेब उखडले.

नवरीची आईच मध्ये बोलली, "म्हणून तर समोरचं सोडून इथं आलो. तिथं पिचलेल्या बांगडीचेही पैसे घेतात."

साहेबांनी बॅग उचलली. बाईंनी जपून ठेवलेल्या त्या पैशांत लग्नसराईचा माल भरला.