रावजी कुंभार आणि भुऱ्याचे जेवण

नदीकाठच्या एका गावात रावजी नावाचा एक कुंभार राहत असे. वय झाले तरी चाकावर त्याचा हात सफाईने चाले. पण माणूस भारी मानी. "मला हे दुखते, मला ते जमत नाही," असे तो कधी कुणाला म्हणाला नव्हता.

घरात मुलगा हरबा, सून यमुना आणि भुऱ्या नावाचा कुत्रा होता. भुऱ्याही थकला होता. दात पडले होते, मान आखडली होती. वाकून खाताना त्याचे पाय थरथरत आणि तो अर्धे अन्न टाकून निघून जाई. यमुनेने ते पाहिले. तिने हरबाकडून उंच बैठकीचे मातीचे भांडे करवून घेतले. पाय घसरू नयेत म्हणून खाली गोणपाट अंथरले. कोमट दुधात भाकरी कुस्करून ती त्याला देऊ लागली. भुऱ्या मान न वाकवता सावकाश, पोटभर जेवू लागला.

ओसरीवर बसून रावजी हे रोज बघे आणि आतल्या आत जळे. त्याच्या ताटात ज्वारीची कडक भाकरी असे. दाढा हलत होत्या. घास चावताना कानापर्यंत कळ जाई. 'कुत्र्याला दूधभाकरी आणि मला हे वाळकं चामडं! या घरात माझी किंमत कुत्र्याहूनही कमी!' भुऱ्याचा लपलप आवाज कानी आला की त्याला अन्न गोड लागेना. "पोट भरलं," म्हणत तो ताट सरकवी.

एकदा यमुना पाण्याला गेली होती. रावजीने काठी उगारली आणि त्या भांड्याचे तुकडे केले. दूधभाकरी गोणपाटावर सांडली. भुऱ्या भुंकला नाही. तो वाकला, त्याचे पुढचे पाय फाकले आणि तो तोंडावर आपटला. पुन्हा उठला, पुन्हा वाकला. शेवटी अन्न तसेच टाकून भिंतीशी जाऊन बसला आणि रावजीकडे बघून शेपूट हलवू लागला.

रावजीने काठी टाकली. यमुना परतली तेव्हा म्हातारा गुडघे टेकून ओंजळीतून कुत्र्याला भरवत होता.

"आबा, भांडं कशानं फुटलं?"

"मीच फोडलं. हेवा वाटला पोरी मला. त्याला मऊ, मला कडक."

यमुनेने डोक्यावरची घागर खाली ठेवली. "अहो आबा, तो अन्न टाकून जायचा, ते मला दिसलं. तुम्ही आपले रोज म्हणता, पोट भरलं. दाढा दुखतात असं एकदा तरी बोललात का?"

"लाज वाटली गं."

"आणि मीही कधी विचारलं नाही. माझंही चुकलंच."

रावजी पाटावर बसत म्हणाला, "यमुने, माझी भाकरीही कुस्करून दे. अन् दूध जरा सढळ हातानं घाल."

तात्पर्य: दुसऱ्याच्या वाट्याची माया पाहून जळल्याने आपली भूक भागत नाही, आपले दुखणे आपल्या माणसांना मोकळेपणाने सांगावे.