घळ गाते म्हणे!

डोंगरांना अजून कुणी नावं दिली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका डोंगरात खोल घळ होती. तिच्यासमोरच्या फांदीवर बसून दयाळ पक्षी गायचा आणि घळ त्याचं गाणं सात वेळा परत म्हणायची.

ऐकायला गर्दी होऊ लागली, तसा एक वानर घळीच्या तोंडाशी ठाण मांडून बसला. "एक जांभूळ द्या, गाणं ऐका!" जांभळं तो खायचा आणि संध्याकाळी दयाळापुढे चार बिया टाकायचा.

"यावर पिल्लांची पोटं कशी भरायची?" दयाळाने विचारलं.

"अरे, डोंगरभर तुझं नाव झालं, ते काय कमी आहे? आणि खरं तर घळ गाते. तू नुसती सुरुवात करून देतोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दयाळ किडे शोधायला ओढ्यावर गेला. इकडे सगळे जमले, पण घळ गप्प. वानर चिडून ओरडला, "गा की!"

घळीने त्यालाच सात वेळा सुनावलं, "गा की!"

ससे हसून हसून लोळले. म्हातारं साळिंदर मात्र उठलं, आपलं जांभूळ घेऊन ओढ्याकडे निघालं. त्याच्यामागे सगळेच गेले.

दयाळापुढे जांभळांचा ढीग झाला. तो पोटभर गायला.

"हाका मारून गर्दी तर मीच जमवली होती," मागे उभा राहून वानर पुटपुटला.

"खरं आहे," दयाळ म्हणाला आणि त्याने एक टपोरं जांभूळ वानराकडे ढकललं. "हे तुझ्या हाकांचं. घे, अख्खं आहे."