मधोमध बसवलेला काटा

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे जोतीराम नावाचा तांबट राहत असे. त्याच्या वाडवडिलांनी हंडे, घंगाळी आणि पाणी तापवायचे बंब घडवले. पुढे घराघरांत स्टीलची भांडी आली आणि तांब्याला कोणी विचारेना. पण जोतीरामच्या हातातली हातोडी काही गप्प बसली नाही. जुन्या मोटारी सांभाळणाऱ्या शौकिनांसाठी तो डॅशबोर्ड घडवू लागला. शिसवी लाकडावर तो तांब्याचा पत्रा चढवी आणि लहान हातोडीने ठोके मारत मठारकाम करी. माशाच्या खवल्यांसारखे ते ठोके उन्हात चमकत. लांबून लांबून लोक त्याच्याकडे येत.

त्याच्या शेजारी दस्तगीर मिस्त्रीचं गॅरेज होतं. दोघे एकाच शाळेत शिकलेले. दस्तगीर इंजिन बघे, जोतीराम डॅशबोर्ड घडवी. गाडी दोघांच्या हातून बाहेर पडे. एकाने केलेलं काम दुसरा कधी तपासून बघत नसे. तशी गरजच पडली नव्हती.

एकदा तेलगिरणीचे मालक उदयसिंह नलवडे यांनी आपल्या आजोबांची मोटार आणली. तिचं छप्पर उतरवायचं, अंग हलकं करायचं आणि पोटात दांडगं इंजिन बसवायचं, असा त्यांचा बेत होता. अशा गाडीला शौकीन लोक हॉट रॉड म्हणतात. घाटमाथ्यावर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरणार होता. तिथे ती न्यायची होती.

"डॅशबोर्ड असा करा," नलवडे म्हणाले, "की लोकांनी बाकीची गाडी बघायचं विसरावं."

जोतीरामने तसाच केला. जन्मात केलं नव्हतं असं काम त्याच्या हातून झालं. मधे वेगाचं मोठं मीटर, त्याच्या डाव्या बाजूला तेलाचं आणि उजव्या बाजूला इंजिनातल्या पाण्याच्या गरमीचं. तांबं कुठे संपतं आणि लाकूड कुठे सुरू होतं, हे बोट फिरवूनही कळत नव्हतं. काम संपलं त्या दिवशी तो जेवायला घरी गेलाच नाही. नुसता बघत बसला.

गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली. गावाबाहेरचा चढ चढताच गरमीच्या मीटरचा काटा तांबड्या रेषेपलीकडे गेला. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं.

दस्तगीरने इंजिनात बराच वेळ डोकं घातलं. मग हात पुसत तो म्हणाला, "जोती, रेडिएटर लहान पडतोय. मोठा बसवायचा तर इंजिन चार बोटं मागं घ्यायला लागतंय."

"मग घे की."

"मागं घेतलं तर इंजिनामागचा पत्रा आत येतोय. तुझा डॅशबोर्ड मधोमध कापायला लागंल."

जोतीरामने डॅशबोर्डकडे पाहिलं.

"दुसरा करशील की," दस्तगीर म्हणाला. "तुझे हात कुठं गेलेत?"

हात कुठे गेले नव्हते. पण असं काम पुन्हा होत नाही, हे जोतीरामला ठाऊक होतं. शिवाय मेळा तोंडावर आला होता. "दोन दिवस थांब," तो म्हणाला. "मीटरच चुकीचं दाखवत असंल. बघतो."

शुक्रवारी दुपारी दस्तगीर नमाजाला गेला. जोतीराम एकटाच गाडीपाशी होता. त्याने गरमीचं मीटर काढून तपासलं. ऊन पाण्यात धरलं, गार पाण्यात धरलं. मीटरमध्ये काही खोट नव्हती. ते खरं तेच सांगत होतं. जोतीराम ते हातात घेऊन थोडा वेळ बसला. मग त्याने काच सोडवली, काटा मधोमध आणला आणि आतल्या आसाला वितळलेल्या कथलाचा एक थेंब लावला. काटा तिथेच बसला. मीटर जागेवर गेलं. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळलं नसतं.

दस्तगीर परत आला तेव्हा जोतीराम म्हणाला, "मीटर बिघडलेलं होतं. दुरुस्त केलं."

दोघांनी गाडी चढावर नेली. काटा हलला नाही.

"पाणी मात्र कमी होतंय रे," दस्तगीर म्हणाला.

"नळी गळत असंल."

दस्तगीरने नळ्या घट्ट केल्या. "तू म्हणतोस तर मीटरच असंल," तो म्हणाला आणि त्याने मोठ्या रेडिएटरचा विषय सोडून दिला.

मेळ्याच्या दिवशी तिघे निघाले. नलवडे गाडी चालवत होते, जोतीराम मधे आणि दस्तगीर कडेला. घाटाच्या निम्म्यावर इंजिन दमल्यासारखं आवाज करू लागलं. दस्तगीरने गाडी थांबवायला सांगितली. वळणावर मोकळी जागा होती. मेळ्याला निघालेली बरीच माणसं तिथे चहाला थांबली होती. गाडी दिसताच ती भोवती जमली. कोणी पुढे बघितलं नाही, कोणी मागे बघितलं नाही. सगळे डॅशबोर्डवर वाकले.

"हे कोणी घडवलं?" एका म्हाताऱ्या गृहस्थाने विचारलं.

नलवड्यांनी जोतीरामच्या खांद्यावर हात ठेवला. "ह्यांनी."

दस्तगीर पुढे उभा होता. उन्हाने आणि चढाने गाडीचा सगळाच पत्रा तापलेला होता. आत पाणी किती तापलंय हे हात लावून कळणार नव्हतं. रेडिएटरमध्ये पाणी घालायचं म्हणून त्याने ओलं फडकं हातात घेतलं आणि विचारलं, "जोती, काटा कुठाय?"

"लवकर आटपा मिस्त्री," नलवडे म्हणाले. "उशीर होतोय."

जोतीरामने मान वर केली. माणसं त्याच्याकडे बघत होती. थांब, अर्धा तास हात लावू नकोस, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. पण का थांबायचं, असं दस्तगीरने विचारलं असतं. मग या सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागलं असतं.

"मधे आहे," जोतीराम म्हणाला.

दस्तगीरने रेडिएटरचं झाकण फिरवलं.

उकळतं पाणी आणि वाफ एकदम वर उसळली. दस्तगीर ओरडलासुद्धा नाही. दोन्ही हात तोंडावर घेऊन तो खाली बसला. कोणी चहाच्या टपरीवरून पाणी आणलं, कोणी आपली गाडी काढली. जोतीराम जागेवरून उतरला, पण त्याला पुढे जाता येईना.

शहरातल्या डॉक्टरांनी शक्य होतं ते सगळं केलं. तोंडावरची कातडी हळूहळू भरून आली. डोळे मात्र गेले ते गेलेच.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दस्तगीर एकच सांगे. "चूक माझी. इतकी वर्षं मिस्त्रीकाम केलं आणि झाकण उघडायची घाई केली."

जोतीराम रोज जाई. पलंगाशी बसे आणि उठून येई. गावात लोक त्याच्या मैत्रीचं कौतुक करत. एके दिवशी दस्तगीरची बायको हलिमा त्याला दाराशी थांबवून म्हणाली, "जोतीभाऊ, एक विचारू? हे सारखं स्वतःला दोष देत्यात. काटा मधेच होता ना?"

"होता, भाभी," जोतीराम म्हणाला.

शब्द खरा होता. घरी जाईपर्यंत त्याला तो सोसवला नाही. अर्ध्या वाटेतून तो परत फिरला आणि दस्तगीरच्या पलंगापाशी उभ्यानेच त्याने सगळं सांगून टाकलं. कथलाचा थेंब सांगितला, लोकांची लाज वाटली तेही सांगितलं. हलिमा भिंतीला टेकून ऐकत होती.

दस्तगीरने तोंड त्याच्या आवाजाकडे वळवलं. मग म्हणाला, "'काट्याचं मला ठाऊक नाही', एवढं बोलला असतास तरी मी थांबलो असतो."

जोतीराम रडू लागला.

"गाडी अजून चालते?" दस्तगीरने विचारलं.

"चालते. नलवडेसाहेब रोज फिरवतात."

"मग इथं काय रडत बसलास? आधी जाऊन त्यांना सांग. आणखी कोणी भाजायला नको."

जोतीराम तसाच नलवड्यांच्या बंगल्यावर गेला. तिथे पाहुणे बसले होते. त्यांच्यासमोरच त्याने सांगितलं. नलवड्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "तुमच्या एका शब्दावर माझा नातू त्या गाडीत बसत होता." त्यांनी दुसऱ्या गावचा मिस्त्री बोलावला. त्याने इंजिन मागे घेतलं, मोठा रेडिएटर बसवला आणि डॅशबोर्ड मधोमध कापला. कापलेले तुकडे त्यांनी जोतीरामकडे पाठवून दिले.

बातमी गावभर झाली. त्यानंतर जोतीरामकडे कोणी गाडी आणली नाही. तो देवळातल्या समया आणि लोकांच्या जुन्या घागरी दुरुस्त करून दिवस काढू लागला. दस्तगीरच्या घरी जाणं त्याने सोडलं नाही. दस्तगीर त्याला ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

पुढे दस्तगीर काठी घेऊन थोडं थोडं बाहेर पडू लागला. एका बाजारच्या दिवशी तो मोठ्या रस्त्याच्या कडेला उभा होता. पलीकडे जायचं होतं. जोतीरामने त्याला लांबून पाहिलं आणि तो धावत त्याच्याजवळ गेला. रस्त्यावर दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं.

"दस्तगीर, मी जोती," तो म्हणाला. "चल, रस्ता मोकळा आहे."

दस्तगीरने मान हलवली. ऐकलं, एवढंच सांगितल्यासारखी. पण तो जागचा हलला नाही. काठी रोवून तसाच उभा राहिला.

"खरंच मोकळा आहे," जोतीराम म्हणाला.

शेजारी एक भाजीवाली पाटी घेऊन बसली होती. दुसऱ्या गावची, दोघांनाही न ओळखणारी. तिने मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "जावा चाचा, कोण नाही रस्त्याला."

दस्तगीरने लगेच पाऊल उचललं आणि रस्ता ओलांडला. जोतीराम रस्त्याच्या अलीकडेच उभा राहिला.

तात्पर्य: आपल्या शब्दाच्या भरवशावर दुसरा माणूस विस्तवात हात घालतो. लाजेपोटी तो शब्द एकदा खोटा केला, की पुढे कितीही खरं बोललं तरी ते त्या माणसाच्या उपयोगी पडत नाही.