कडेपर्यंत वितळलेलं मेण

मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती काही महिने नुसती ठेवली, की तिच्यावर पांढरी साय धरते. ती बुरशी नसते. मऊ फडक्याने पुसली की निघते आणि खालचं पिवळं मेण पूर्वीसारखं चमकू लागतं.

झोळीगिरी महाराज आवळकोंडला मठ बांधून राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. त्याच डोंगरात ठकूबाई राहायची. तिचा नवरा कड्यावरची मधाची पोळी काढायचा आणि तीन वर्षांपूर्वी कड्यावरूनच पडून गेला. त्याने काढलेल्या शेवटच्या पोळ्याच्या मेणाची तिने एकच जाड मेणबत्ती केली होती. महाराजांच्या गुरूंच्या पादुकांपुढे ती आपल्या हाताने लावावी आणि तिथेच ती पुरती जळावी, एवढीच तिची इच्छा. पण रानातल्या माणसांनी गाभाऱ्याचा उंबरठा ओलांडायचा नाही, अशी जुनी रीत होती.

महाराजांनी कारभारी विसाजीपंतांना सांगितलं होतं, "रीत ठेवायची की मोडायची, ते तू ठरव." पंत तीन वर्षं एकच शब्द बोलत होते, "बघू."

यंदा मठातल्या उत्सवाचे पहिले पाच दिवस महाराज पलीकडच्या गुहेत अनुष्ठानाला बसले. जाताना म्हणाले, "बाईंची मेणबत्ती पादुकांपुढे लावा."

पंतांनी उंबरठ्यावरच ती हातात घेतली. "अहो, ही तर बुरसली!"

ठकूबाईने पदराने साय पुसून दिली. "पंत, पयल्या दिवशी मेण कडेपत्तुर वितळू द्या. मग इझवा. नायतर मधीच खड्डा पडतो."

"आता मेणबत्तीचीही मुंज करायची म्हणा!" पंत हसले. सगळेच हसले.

आरती संपली की पंत फुलाने ज्योत शांत करत. पाचही दिवस तसंच केलं. सहाव्या दिवशी ज्योत खोल विहिरीत बसल्यासारखी दिसू लागली, तडतडली आणि आपल्याच मेणात बुडून विझली.

"देवालाच नको आहे," पंत म्हणाले.

उंबरठ्याबाहेरून ठकूबाईला आतलं दिसत नव्हतं; तिला काहीच समजेना. वात तिने तीन पदरी वळली होती, मेण दोनदा गाळलं होतं. "मग चुकलं कुटं? त्यांचं शेवटचं मेण हो ते," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

तेवढ्यात महाराज आले. त्यांनी मेणबत्तीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "विसाजी, पुन्हा लाव."

पंतांनी वात उकरून पेटवली. ज्योत हरभऱ्याएवढी झाली, बुडू लागली. महाराजांनी दोन्ही तळहातांनी मेणबत्ती कवटाळली. सात-आठ श्वास गेले असतील. उभी राहिलेली मेणाची भिंत मऊ झाली, आत कलली आणि कडेपर्यंत सपाट तळं झालं. ज्योत उंच, स्थिर उभी राहिली. गाभारा मधाच्या वासाने भरून गेला!

पंतांनी न राहवून त्या मेणाला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. मग महाराजांचे हात धरून पाहिले. ते विहिरीच्या पाण्यासारखे गार होते. पंतांनी पुन्हा मेणाकडे पाहिलं, पुन्हा हातांकडे. दोन्हींचा मेळ त्यांना लागेना.

"हे कसं झालं, महाराज?"

"ते राहू दे. पहिल्या दिवशी किती वेळ जळू दिलीस?"

"आरतीपुरती."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"तेवढीच..."

"बाईंनी काय सांगितलं होतं?"

पंतांना आपलं हसणं आठवलं. महाराज हळूच म्हणाले, "विझवत होतास तू, आणि नाव देवाचं घेतलंस."

पंतांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठून ते उंबरठ्याशी गेले, पलीकडे उभ्या ठकूबाईपुढे वाकले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "ठकूबाई, आत या. उद्यापासून ही तुम्हीच लावायची."