स्वभावाचं औषध

"अमावास्येच्या आत स्वभावाचं औषध घेऊन ये. नाही आणलंस, तर या डोंगरात पाऊल टाकायचं नाही, आणि माझ्या राज्यातही नाही!"

भद्रसेन महाराजांनी म्हाताऱ्या गोंदाजीला हे सुनावलं, तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत शेण फासलेलं होतं. पण राजाज्ञा ती राजाज्ञा, ती शेणातून आली तरी पाळावीच लागते.

झालं होतं असं की, महाराजांना झाडपाल्याची औषधं शिकायची हुक्की आली. गोंदाजीचा सगळा जन्म डोंगरात पाला तोडण्यात गेलेला, म्हणून तो गुरू झाला. शिष्य पालखीत बसून डोंगर चढला. गोंदाजी म्हणाला, ही निरगुडी. महाराज म्हणाले, छे, हा अडुळसा. गोंदाजी म्हणाला, बरं. राजाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? पुढे एका वेलीवर मखमली शेंगा लोंबत होत्या. गोंदाजी ओरडला, "महाराज, हात लावू नका, खाजकुयली आहे ती!" झालं. हात लावू नका म्हटल्यावर हात लावला नाही, तर राजा कसला? महाराजांनी शेंगा मूठभर तोडल्या, वर दोन्ही हातांना चोळून बघितल्या.

मग महाराज जे नाचले, ते अख्ख्या डोंगरानं पाहिलं. खाजेवर उतारा शेणाचा, तो गोंदाजीनंच लावला. लावता लावता म्हातारा पुटपुटला, "सगळ्याला औषध आहे, स्वभावाला औषध नाही." नेमकं तेवढंच महाराजांना ऐकू गेलं.

गोंदाजी घरी आला तो अंथरूण धरूनच बसला. डोंगर सुटला तर या वयात तो जाणार कुठे आणि खाणार काय? त्याची सून ठकू चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मामंजी, तुमची जीभ जरा आवरली असती, तर काय बिघडलं असतं?"

"चुकलंच गं. पण जे औषध नाहीच, ते आणू कुठून?"

"तुम्ही जेवा. दरबारात मी जाते."

अमावास्येला ठकू दरबारात उभी राहिली, ती रिकाम्या हातानं.

"औषध कुठे आहे?" महाराज गरजले.

"आधी दुखणं तर कळू दे, महाराज. रोगी आपल्या तोंडानं सांगतो काय होतंय ते, मगच आमच्याकडे पाला तोडतात. पोट दुखलं तर ओवा, खोकला असला तर अडुळसा. तुमच्या स्वभावाला काय होतंय?"

"माझ्या स्वभावाला काय होणार? काही झालेलं नाही!"

"या सगळ्यांना विचारून बघा. कधीकधी घरच्यांना जास्त माहीत असतं."

महाराजांनी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी चटकन उठले. त्यांच्या पाठीला कणा होता की नाही याबद्दल राज्यात दुमत होतं, पण वाकायची सवय फार चांगली होती. "महाराजांचा स्वभाव म्हणजे दुधावरची साय!" सेनापती म्हणाले, "साय कुठली, मध! निव्वळ मध!" बाकीच्या मंडळींनी लोणी, खडीसाखर असं जे सुचेल ते घातलं.

ठकूनं हात जोडले. "झालं तर मग. रोगच नाही, तर औषध कशाला? एवढे मोठे लोक खोटं थोडंच बोलतील? मामंजी उद्यापासून डोंगरात जातील. येते मी."

आणि ती खरंच निघाली! महाराज बघतच राहिले. ती गेली तर बाजी तिची, आणि हार कशाशी खातात हे महाराजांना ठाऊक नव्हतं.

"थांब!" ते उठून उभे राहिले. "आहे! रोग आहे! मी हट्टी आहे. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं, मग ते चुकलेलं असलं तरी सोडत नाही. तुझा सासरा हात लावू नको म्हणाला, म्हणून मी मुद्दाम लावला. चूक माझी होती, आणि राग त्या बिचाऱ्यावर काढला. ऐकलंस? सांगितला रोग माझ्या तोंडानं. आता टाक औषध!"

साय म्हणणारे दिवाणजी खांबामागे सरकले.

"औषध लागू पडलं, महाराज," ठकू शांतपणे म्हणाली.

"दिलंस कधी?"

"आत्ताच तुम्ही घेतलंत की. हट्टी माणूस मेला तरी चूक कबूल करत नाही. तुम्ही भर दरबारात केलीत. याला आमच्याकडे गुण आला म्हणतात."

महाराजांनी डोळे बारीक केले. "असं? मग त्या औषधाचं नाव काय?"

"झाडपाल्याच्या औषधाचं नाव सांगू नये, महाराज. नाव सांगितलं की गुण जातो, आणि गुण गेला की औषध पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागतं. तुम्हाला हे सगळं परत एकदा सगळ्यांसमोर म्हणावं लागेल." ठकूनं पदर सारखा केला. "सांगू नाव?"

महाराज पोट धरून हसायला लागले. महाराज हसताहेत अशी पक्की खात्री पटल्यावर दरबारही हसला.

"पोरी, तुझ्या सासऱ्याला अख्खा डोंगर इनाम दिला!"

"डोंगर द्या महाराज, पण मामंजींच्या नावावर नको, माझ्या नावावर द्या. ते आहेत देवमाणूस, पण उद्या परत तुमच्याबद्दल खरं बोलून बसले, तर तेवढ्यात डोंगर जायचा."

महाराजांना पुन्हा हसू फुटलं आणि डोंगर ठकूच्या नावावर झाला.