आतली कडी

"...आणि मूल त्याच घरात जन्मलं, तर घर त्याचं होतं का हो बुवा?"

मुरलीधर खटावकरनं हे विचारलं तेव्हा गेनूबुवा धर्मशाळेच्या ओट्यावर सूप घेऊन ज्वारी निवडत बसले होते.

"कुणाचं मूल?"

"माझ्या भाडेकरणीचं. नववा लागलाय तिला."

बुवांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मग आनंद हाय की."

"आनंद कसला? माझी झोप उडालीय."

खोटं बोलत नव्हता. डोळे तांबारलेले होते. बार्शीत त्याची तीन घरं भाड्यानं दिलेली होती, आणि या धंद्यातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही असा त्याचा तोरा होता. लोक त्याच्याकडे सल्ल्याला येत. बुवांना तो गुरू मानायचा, पण त्यांच्याकडे यायचा तो मात्र घाबरला की.

"सगळं रीतसर केलंय, बुवा. करार अकरा महिन्यांचा. अनामत घेतलीय, पोलिसांत नोंद केलीय. भिंतीला खिळा ठोकू देत नाही. दुसरी किल्ली माझ्याकडं असते, मनात येईल तेव्हा न सांगता जाऊन बघून येतो."

"आन् तरी भ्या वाटतं?"

"जन्माच्या दाखल्यावर त्या घराचा पत्ता पडेल. मग बारसं, मग बालवाडी. तान्ह्या पोराला बाहेर काढायला गेलो तर सगळी गल्ली माझ्यावर उठेल. ते घर अडकलं तर बँकेचा हप्ता कुठून भरू? म्हणून म्हणतो, बाळंत व्हायच्या आत काढतो. याच रविवारी."

"कुठं जाईल ती?"

"ते मी कशाला बघू?"



"तिनं सुरुवात केलीय, बुवा." मुरलीधरचा आवाज खाली आला. "परवा दुपारी गेलो होतो. नवरा दुधाच्या टँकरवर असतो, ती एकटीच घरी. किल्ली फिरवली, दार उघडेना. आतून लोखंडी पेटी सरकवून ठेवलेली. माझ्याच घराला. ही ताबा घ्यायची तयारी नाही तर काय?"

"पेटी कशापायी? कडी न्हाई दाराला?"

"आतली कडी मीच काढून घेतलीय. तिन्ही घरांची. उद्या कोंडून घेऊन बसले तर काय करायचं?"

बुवांचा हात सुपात थांबला...

सूप बाजूला ठेवून ते उठले.

"माझी खोली बघ बरं. भाड्यानं द्यायजोगी हाय का, सांग."

मुरलीधरला जरा बरं वाटलं. हे त्याच्या हातचं काम होतं. बुवांची खोली म्हणजे धर्मशाळेचं जुनं कोठार. त्यानं आत जाऊन भिंतीवर बोटं वाजवली, वर नजर टाकली.

"ओल नाही. पण पत्रा तापतो. भिंतीत खिडकी पाडावी लागेल."

"बस मग तिथंच घटकाभर. मी येऊन-जाऊन हाय."

बुवांनी बाहेरून दार ओढून घेतलं. कडी लावली नाही. आतून तर कडी नव्हतीच, धान्याला ती कशाला लागते?

गुरूनं सांगितलं म्हणून मुरलीधर बसला. आत भट्टी पेटल्यासारखं होत होतं. त्यानं सदरा काढला.

बाहेर पावलं वाजली. दारापाशी येऊन थांबली.

त्यानं घाईघाईनं सदरा चढवला, गुंड्या वरखाली लागल्या. पावलं निघून गेली.

त्याला स्वतःचंच हसू आलं. गुडघे धरून चालणारा म्हातारा, त्याला काय भ्यायचं? पण सदरा पुन्हा काढायचा धीर झाला नाही. जरा पडावं म्हटलं तर डोळे मिटेनात. दारावरची नजर हलेना.

पावलं पुन्हा आली... थांबली...

"बुवा?"

त्यानं दाराला कान लावला.

"बुवा, तुम्हीच आहात ना?"

पावलं गेली.  मुरलीधरला लाज वाटत होती, पण लाजेनं भीती काही कमी होत नव्हती. म्हातारा आत येईल, याची ती भीती नव्हती. तो कधी येईल ते कळत नव्हतं, आणि ते कळेपर्यंत नीट श्वासही घेता येत नव्हता.

कोपऱ्यात ज्वारीचं पोतं होतं. त्यानं ते ओढत आणून दाराला लावलं आणि पोत्याला पाठ टेकून बसला. तेव्हा कुठं छाती जरा हलकी झाली.

मग दार ढकललं गेलं. बोटभर सरकलं आणि अडलं.



"बुवा, मी..." मुरलीधरनं पाठ पोत्याला आणखी रेटली. "मी खोली बळकावत नव्हतो हो. मला भीती वाटली. म्हणून लावलं पोतं."

दारावरचा हात निघाला. म्हातारा कण्हत, सावकाश उंबऱ्याबाहेर खाली बसल्याचं ऐकू आलं.

"घाई न्हाई. तू उघडल्याबिगर मी आत येणार न्हाई."