रांजणाच्या गळ्याची चिंधी

एका राज्यात गडद जांभळा रंग काढणारा एकच रंगारी होता, धाकोजी. हात कोपरापर्यंत जांभळे, जीभ कडू. सुतकातल्या बाया त्याच्याकडून पदर रंगवून नेत, नवऱ्या मुली शालूचे काठ. दोघींवर तो सारखाच खेकसे.

रंगाऱ्यांची रीत अशी, की नव्या रंगातली पहिली चिंधी रांजणाच्याच गळ्याला बांधायची. पण राजाने दवंडी पिटली: जांभळे फक्त राजाच्या अंगावर, दुसरीकडे धागा दिसला तर मुंडके उडेल. धाकोजी भ्याला. राजाचा शेला रंगवला, चिंधी बांधलीच नाही.

रांजण बोलला, "माझा वाटा बुडवलास. म्हणून या राज्याची जांभळी सांज मी गिळली."

तेव्हा सांजच होती. धाकोजीची आठ वर्षांची लेक, केवडा, नदीकाठी वाळलेली कापडे गोळा करत होती. सांज गेली, तिच्यासंगे पोरही गेली. मग रोज ऊन सरले की थेट काळोख. वांगी पांढरी पडली, जांभळीची फळे फिकटली.

धाकोजी रडून थकला तेव्हा एक साळुंकी म्हणाली, "जांभळा तीन जागी उरलाय. तिन्ही रांजणात घाल, म्हणजे सांज परतेल, पोरही."

पहिला सात डोंगरांपल्याड, सर्पाने राखलेल्या जांभळीवर. जायला अकरा वर्षे लागली, यायला अकरा. सर्पाने त्याचे दुःख ऐकले आणि फळ दिले.

दुसरा राजाच्या शेल्यात. राजा म्हाताऱ्या आवाजात म्हणाला, "हा काढला तर मी राजा कसला?"

"दोरीवर घातलं की राजाचं अन् भिकाऱ्याचं कापड सारखंच गळतं, महाराज."

राजाने शेला उतरवला.

"तिसरा तुझ्या हातांवर," साळुंकी म्हणाली. "पण पोर तुला हातांवरूनच ओळखते."

"आधी येऊ तर दे."

फळ आणि शेला रांजणात टाकून त्याने हात बुडवले. निघाले ते धुतल्या तांदळासारखे. पहिली चिंधी त्याने रांजणाच्या गळ्याला बांधली आणि नदीवर सांज उतरली. खांद्यावर कापडे घेऊन केवडा आली, आठच वर्षांची.

"आजोबा, आमचे आबा कुठं गेले?"

"मीच गं तुझा आबा."

तिने त्याच्या हातांकडे पाहिले. "आमच्या आबांचे हात जांभळे आहेत," म्हणाली, आणि उंबऱ्यावर वाट पाहत बसली.

आता त्या राज्यात सांज वेळेवर होते. बाया हव्या त्या रंगाचा पदर घेतात. म्हातारा रोज रांजणात हात बुडवून बसतो. रंग कातडीत मुरायला वीस वर्षे लागतात. तेवढी आपल्यापाशी नाहीत, हे त्याला ठाऊक आहे. तरी हात बाहेर काढत नाही.